मधले ताट

सोमवार, ८ एप्रिल १९९१, संध्याकाळचे सात. त्या वेळी आमच्या घरात अबोला सुरू झाला. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण दूरदर्शनवर कन्नड बातम्या नुकत्याच लागल्या होत्या आणि आईने उठून संच बंद केला. त्या दिवशी माझा दहावीचा शेवटचा पेपर झाला होता. गणिताचा. मी घरी येऊन चहा प्यालो, पोहे खाल्ले, मित्रांकडे जाऊन आलो. वडील कारखान्यातून आले, हातपाय धुऊन खुर्चीवर बसले आणि आईला म्हणाले, "कारखान्यात मिरजेहून फोन आला होता. आप्पा गेले." आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. आईने विचारले, "कधी?" वडील म्हणाले, "काल पहाटे." मग थोडे थांबून, जणू हिशेब पुरा केला पाहिजे म्हणून, ते पुढे म्हणाले, "आजारी असल्याचा फोन शुक्रवारीच आला होता. ह्याची परीक्षा चालू होती, म्हणून मी सांगितलं नाही."

आईने संच बंद केला, कुकर लावला आणि आंघोळीला गेली. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ ती माझ्या वडिलांशी एक शब्द बोलली नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वडिलांनीही बोलणे सोडले. सुरुवात आईने केली, अबोला टिकवला दोघांनी.

आमचे घर मारतहळ्ळीच्या अलीकडे, कारखान्याच्या वसाहतीत होते. मारतहळ्ळी तेव्हा गाव होते. रस्त्याच्या कडेला नाचणीची शेते होती, आणि आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे संध्याकाळी म्हशी परतत. वडील सरकारी कारखान्यात विमानाची उपकरणे तपासण्याच्या विभागात अभियंता होते. मूळचे साताऱ्याचे, नोकरीसाठी इथे आले आणि राहिले. त्यांचे काम दोष शोधण्याचे होते आणि ते घरीही तेच करीत. आई मिरजेची. ती घरात मराठी बोले, बाजारात मोडके कन्नड, आणि वडिलांच्या साहेबांच्या बायकांशी हसण्यावर निभावून नेई. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. स्वयंपाकघरात जेवणाचे टेबल एका बाजूने भिंतीला लावलेले होते, त्यामुळे बसायला तीनच बाजू उरत. वडील खिडकीकडे, आई ओट्याकडे, आणि मधले ताट माझे.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडणात माणसे दारे आपटतात, जेवण टाकतात, माहेरी निघून जातात. आमच्या घरात यातले काही झाले नाही. आई वडिलांचा डबा वेळेवर भरी. त्यांच्या शर्टांना इस्त्री असे. वडील पगार आणून कपाटातल्या ठरलेल्या खणात ठेवीत. हळदीकुंकू झाले, सत्यनारायण झाला. पूजेला दोघे शेजारी बसले आणि आईने रिवाजाप्रमाणे वडिलांच्या हाताला हात लावला. पाहुणे आले की दोघेही पाहुण्यांशी बोलत, आणि पाहुण्यांना काही कळत नसे. प्रश्न फक्त रात्रीच्या जेवणाचा होता. दिवसभरात साठलेले सगळे त्या वेळी सांगायचे असे, आणि ते माझ्या मार्फत सांगितले जाई.

"श्रीधर, आईला सांग, उद्या मला दुसरी पाळी आहे."

आई दोन हातांवर बसलेली असे. तिने ते ऐकलेले असे. पण मी मान वळवून "आई, उद्या बाबांना दुसरी पाळी आहे" असे म्हणेपर्यंत ते वाक्य तिच्यापर्यंत पोहोचलेले नसे. मग ती म्हणे, "विचार, डबा दोन्ही वेळचा हवा का." मी विचारी. वडील म्हणत, "एकच पुरे." मी सांगे. काही गाळता येत नसे, काही सौम्य करता येत नसे, कारण मूळ वाक्य दोघांनीही ऐकलेले असे. एकदा वडील आमटीचा घास घेऊन म्हणाले, "आईला सांग, आमटीत मीठ फार झालंय." मी सांगितले. आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांग, ज्यांना माणसाचं मरण पोटात ठेवता येतं, त्यांना चिमूटभर मीठ जड जाऊ नये." हेही मला शब्दशः सांगावे लागले. मी ताटाकडे पाहत सांगितले. वडिलांनी आमटी संपवली.

निरोप कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसे, आणि तोंडात घास असताना बोललेले वडिलांना खपत नसे. तेव्हा मी चावणे सोडले. घास तोंडात गेला की गिळायचा, तोंड मोकळे ठेवायचे. पोळीचा तुकडा, भाताचा घास, फोडी, सगळे अख्खे. मान सतत अर्धी वळलेली. कारखान्यात कधीकधी संध्याकाळच्या पाळीत इंजिनाची चाचणी होई आणि तो आवाज वसाहतीत असा भरे की खिडक्यांची तावदाने थरथरत. त्या वेळी बोलणे अशक्यच असे. तेवढी मिनिटे मी जेवत असे. आजही विमान फार खालून गेले तर माझा हात आपोआप ताटाकडे जातो; माझ्या पत्नीने हे लग्नानंतर लवकरच हेरले आणि काही विचारले नाही.

पहिला पाऊस ओसरेपर्यंत पोटात दुखू लागले होते. बेंबीच्या डावीकडे, मुठीएवढ्या जागेत. जेवणाआधी सुरू होई, जेवताना वाढे, आणि जेवल्यावर मला धावत मागे जावे लागे. मग चार-चार दिवस काहीच होत नसे आणि पोट ढोलासारखे फुगे. अकरावीच्या वर्षात माझे वजन उतरले. गळ्याची हाडे दिसू लागली. बारावीत तर वर्गात बसणे अवघड झाले, आणि बारावीवर पुढचे सगळे अवलंबून होते. ज्या मुलाच्या परीक्षेसाठी एवढे झाले, तो मुलगा पुढची परीक्षा देऊ शकेल की नाही अशी वेळ आली. हे वाक्य घरात कोणी उच्चारले नाही. तिघांनाही ते ठाऊक होते.

दोघांनी उपाय सुरू केले, अर्थात वेगवेगळे. आईने मिरची बंद केली, मग मसाला, मग फोडणी. ओवा, हिंग, सुंठ, जिरे यांचे काढे सुरू झाले. वडिलांनी माझ्या पोटाकडे उपकरणासारखे पाहिले. त्यांची पद्धत सरळ होती: एका वेळी एकच भाग काढायचा आणि दोष जातो का पाहायचे. "आईला सांग, ह्या आठवड्यात तूरडाळ बंद." पुढच्या आठवड्यात दूध बंद. मग गहू. मग तेल. आईला यात तिच्या स्वयंपाकाची चौकशी चाललेली दिसे. "तुझ्या वडिलांना म्हणावं, विष काय ते मी तूरडाळीत घालत नाही." वडील म्हणत, "सांग, मी दोष देत नाही, शोधतोय." मी एकाकडून दुसरीकडे मान वळवीत होतो, आणि ताटात एकेक पदार्थ कमी होत होता. अखेर मऊ भात आणि मीठ उरले. पोट तसेच दुखत होते.

भिंतीपलीकडे रुक्माअक्का राहत. त्यांचे यजमान वडिलांच्याच विभागात फोरमन होते. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी इथे आलेले मराठी. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी आमच्या आईला निम्मी कळे. अक्कांच्या घरात जेवण म्हणजे बाजार होता. तीन मुली, एक दीर, फोरमन अण्णा, सगळे एकदम बोलत. एकमेकांच्या ताटातले उचलत. एका शनिवारी आई देवळात गेली असताना मी त्यांच्याकडे किल्ली मागायला गेलो.

"अय्यो, हाडं दिसताहेत की रे मरी," अक्का म्हणाल्या. मरी म्हणजे बाळ. "बस. स्वल्प जेव."

"नको अक्का. मला फक्त मऊ भात चालतो."

"मऊ भात कुणाला चालतो? दात पडलेल्यांना. बस म्हटलं ना."

धाकट्या मुलीने विचारले, "तुमच्या घरात जेवताना पूजा असते काय? एक आवाज ऐकू येत नाही." अण्णा म्हणाले, "गप्प बस, ते पुण्याकडचे लोक आहेत, नियमानं जेवतात." आई मिरजेची आणि वडील साताऱ्याचे, पण इथल्यांना तिकडचे सगळे पुण्याकडचेच. सगळे हसले. अक्कांनी ताटात हुळी वाढली: चिंच, तूरडाळ आणि लाल मिरची यांचे ते दाट सार. मी खाल्ली. मुलींचे कशावरून तरी भांडण जुंपले होते. मला कोणाला काही सांगायचे नव्हते. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा माझ्या लक्षात आले की मी चावतो आहे. जेवण झाले, ताट उचलले, हात धुतला. पोट दुखले नाही. मी अर्धा तास त्यांच्या पायरीवर बसून वाट पाहिली. तरीही दुखले नाही.

अक्कांच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून त्यांनी आईला सांगितले, "तुमच्या पोरानं काल आमच्याकडं हुळी खाल्ली, दोनदा. काही झालं नाही बघा त्याला." त्यांना चांगली बातमी द्यायची होती. आई आत आली आणि पातेले घासू लागली. बराच वेळ घासून झाल्यावर म्हणाली, "माझ्या हातचा भात पचत नाही, आणि तिची मिरची पचते?" रात्री तिने हे वडिलांपर्यंत पोहोचवायला लावले. वडिलांनी घास थांबवला. तूरडाळ होती, तेल होते, मिरची होती, आणि दोष नव्हता. त्यांच्या सगळ्या चाचण्या या एका जेवणाने निकालात निघाल्या. "आईला सांग," ते म्हणाले, "मोठ्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टर शहरात, जयनगरला होते. पोटाचेच डॉक्टर. आधी त्यांनी बेरियमची तपासणी करवून घेतली होती. खडूच्या पाण्यासारखे ते पांढरे द्रव्य पिऊन मी यंत्रापुढे उभा राहिलो होतो. निकाल ऐकायला त्यांनी तिघांना बोलावले. आम्ही वडिलांच्या स्कूटरवरून गेलो. पुढे वडील, मागे आई, आणि मध्ये मी, सतरा वर्षांचा, गुडघे बाहेर काढून. दिवस कार्तिकातला होता, हवा गार होती. वळणावर वडील मान न वळवता ओरडले, "आईला सांग, पदर सांभाळ!" आईचे तोंड माझ्या कानाशी होते. मी मागे मान करून म्हणालो, "आई, पदर." आई म्हणाली, "सांभाळलाय म्हणावं." मी पुढे ओरडलो, "सांभाळलाय!" शेजारून जाणारा रिक्षावाला आमच्याकडे पाहत राहिला.

डॉक्टर साठीचे, बारीक, कन्नडिग गृहस्थ होते. मोठ्यांशी हिंदीत बोलत, माझ्याशी कन्नडमध्ये. त्यांनी फोटो दिव्याला लावून पाहिले आणि म्हणाले, काहीही दोष नाही, आतडे उत्तम आहे. मग कागद ओढून विचारले, हे केव्हापासून आहे?

वडील माझ्याकडे वळले. "आईला विचार, केव्हापासून."

"आई, केव्हापासून?"

"सांग, दहावीच्या परीक्षेनंतर."

"दहावीच्या परीक्षेनंतर."

"विचार, लगेच की काही दिवसांनी?"

"आई, लगेच की काही दिवसांनी?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना मराठी येत नव्हते. कळायला ते यावे लागत नव्हते. ते मला कन्नडमध्ये म्हणाले, "हे दोघे एकमेकांना ओळखतात ना?"

"हो. माझे आईवडील आहेत."

"जेवतानाही असंच?"

"हो."

"तू कुठे बसतोस?"

"मध्ये."

खुर्ची थोडी मागे घेऊन डॉक्टर हिंदीत दोघांना उद्देशून बोलले. आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "मी गोळ्या लिहून देतो. त्यानं दुखणं झाकलं जाईल. पण पोटही शिकतं, मुलांसारखंच. लहानपणी शिकलेलं मोठेपणी विसरत नाही. आज ते जेवणाच्या वेळेला घाबरतं. हे अजून दोन-तीन वर्षं चाललं तर मग घरात काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध राहणार नाही, ते आपलं आपण घाबरत राहील. माझ्याकडे पन्नाशीचे लोक येतात असे. त्यांच्यासाठी माझ्याकडे फार काही नसतं." वडिलांनी विचारले, "मग करायचं काय?" डॉक्टर म्हणाले, "मला विचारू नका. यांना विचारा," आणि त्यांनी आईकडे बोट केले.

घरी परतताना मी पुन्हा स्कूटरवर मध्ये बसलो.

मी आज पन्नाशी ओलांडली आहे, नोकरीतून मुदतीआधी बाहेर पडलो आहे, आणि त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या लोकांपैकी एक झालो आहे. दुर्बीण घालून माझी तपासणी अनेकदा झाली. प्रत्येक वेळी आतडे उत्तम असल्याचे सांगण्यात आले. आताच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्या औषधांआधी बालपणाविषयी विचारतात. घरात कोणाशी पटत नव्हते का, मारहाण होती का, असे. मी नाही म्हणतो, आणि ते खरे आहे. मला कोणी मारले नाही. मला कोणी उपाशी ठेवले नाही. दोघांचेही माझ्यावर प्रेम होते आणि दोघांनीही माझ्या जेवणाची चिंता केली. मी इतकेच सांगतो की मी मधल्या ताटावर जेवत असे. त्यांना याचा अर्थ लागत नाही. मेजवानीला गेलो आणि टेबलाशी दोन माणसे अचानक गप्प झाली, तर मी आजही घास न चावता गिळतो आणि मूठ डावीकडे दाबून धरतो. मग ती दोघे कोण आहेत याच्याशी त्याचा संबंध नसतो.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी आईने लवकर पाने घेतली. बाहेर अजून उजेड होता. भात, मीठ, आणि माझ्यासाठी एक वाटी वरण, बंदी झुगारून. आम्ही बसलो. वडिलांनी पाणी फिरवले. ते म्हणाले, "श्रीधर, आईला सांग..." आणि थांबले. पुढचे शब्द त्यांच्यापाशी असावेत. ते बाहेर आले नाहीत. मी मान वळवली नव्हती. मी ती वळवणार नाही असे मी स्कूटरवर ठरवले होते, आणि बहुधा त्यांनी ते ओळखले. तिघेही जेवत राहिलो. भिंतीपलीकडे अक्कांची मुलगी कोणाला तरी कन्नडमध्ये शिव्या देत होती.

मग आई बोलली. तिने 'अहो' म्हटले नाही. ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "शुक्रवारी फोन किती वाजता आला?"

वडिलांचा हात ताटात होता, तो तसाच राहिला. "पावणेचारला."

"कोण बोललं?"

"वसंता." वसंता म्हणजे माझा मामा.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताईला लगेच पाठवा. आप्पा तिचं नाव घेतायत."

"रात्रीची गाडी होती."

"हो. नऊची."

"मी घरात होते. रिकामी बसले होते. तुम्ही साडेपाचला आलात, मी चहा केला, तुम्ही प्यालात."

"हो."

"मी शनिवारी पोचले असते. ते शनिवारी होते."

वडील म्हणाले, "ह्याचा सोमवारी गणिताचा पेपर होता. तू गेली असतीस तर..."

"त्याला विचारलंत?" आईने माझ्याकडे पाहिले नाही. "एवढा मोठा होता. त्याला विचारलं असतंत तर तो म्हणाला असता, आई तू जा."

"म्हणून तर नाही विचारलं," वडील म्हणाले.

आईने ताट बाजूला सारले. मग वडील हलक्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, टिकतील ते. मंगळवारी तुला बसवून देणार होतो." आई म्हणाली, "ते तुम्ही ठरवलंत," आणि उठली. हात धुतला, आतल्या खोलीत गेली, दार लोटले. कडी लावली नाही.

अबोला सुटला होता. पुढे ती दोघे हयात असेतोवर रोज एकमेकांशी बोलली: सिलिंडरविषयी, पावसाविषयी, माझ्या लग्नाविषयी, शेवटी एकमेकांच्या औषधांविषयी. आप्पांचा विषय पुन्हा निघाला नाही. बारावीची परीक्षा मी दिली, बरी गेली. लोकांना वाटते की कारण संपले की दुखणेही संपत असावे. त्या संध्याकाळी माझे आईवडील माझ्यासमोर, मला वगळून, एकमेकांशी बोलले, ज्यासाठी मी दीड वर्ष वाट पाहत होतो. आणि त्यांच्या पहिल्या वाक्याबरोबरच दुखणे त्याच्या नेहमीच्या जागी आले आणि वाढत गेले. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षांची मुदत दिली होती. पोटाचे शिकणे त्याआधीच पुरे झाले असावे.

वडील ताटासमोर बसून होते. हातावरचा भात वाळला. मी म्हणालो, "बाबा, उठा." ते उठले, नळाखाली हात धरला, आणि आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने ते आत गेले.

मी तिन्ही ताटे उचलली. माझ्या ताटातले वरण संपले नव्हते. ते मी उभ्याने संपवले, कारण टाकलेले आईला आवडत नसे. भांडी घासून पालथी घातली. टेबल पुसले. उरलेला भात झाकून ठेवला. ओट्यावर दूध तापवून ठेवलेले होते. त्याला बोट लावून पाहिले, कोमट झाले होते. आई विरजण कसे लावते ते मी नुसतेच पाहिलेले होते. चमचाभर दही भांड्याच्या तळाशी फिरवले, वरून दूध ओतले, झाकण ठेवले, आणि थंडीचे दिवस म्हणून भांडे टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले.